नाताळच्या सुट्टीतलं पुणे, आजींच्या गुडघ्यांसह

ताई, तुमचा प्रश्न असा: नागपूरहून पाच जण येणार. तुम्ही दोघं, सत्तरीच्या सासूबाई ज्यांचे गुडघे कुरकुरतात, तेरा वर्षांची लेक आणि सहा वर्षांचा मुलगा. २६ डिसेंबरला सकाळी पोचायचं, ३० ला रात्री निघायचं. यादीत शनिवारवाडा, सिंहगड, आगाखान पॅलेस, कात्रजचं प्राणिसंग्रहालय, तुळशीबाग आणि जमल्यास एकेक दिवस लोणावळा व महाबळेश्वर. शिवाय ‘थर्टी फर्स्ट पुण्यातच करावा का’ हा उपप्रश्न. दिवाळी उलटली तरी तिकिटं काढलेली नाहीत. अशा सहली आखून देणं हे माझं रोजचं काम, म्हणून जरा ऐसपैस लिहितो. घाई असेल तर एवढंच वाचा: लोणावळा-महाबळेश्वरच्या घाटात जाऊ नका, एका दिवशी शहराचा एकच भाग धरा आणि दुपारी दोन तास खोलीवर परता.

लोणावळा आणि महाबळेश्वर यादीतून काढाच. नकाशावर लोणावळा पासष्ट किलोमीटर, महाबळेश्वर एकशेवीसच्या आसपास; बघून वाटतं, सकाळी निघू आणि रात्री परत. पण नाताळ ते एक जानेवारी या आठवड्यात मुंबई आणि पुणे एकदमच डोंगराकडे निघतात. द्रुतगती मार्गावर खंडाळ्याचा घाट आणि सातारा रस्त्यावर खंबाटकी, दोन्हीकडे गाड्या नुसत्या सरकत असतात. सासूबाईंचा अख्खा दिवस गाडीत पाय लोंबकळत जाणार, आणि पोचल्यावर मुलाच्या वाट्याला काय, तर पार्किंगची रांग. स्ट्रॉबेरीच हवी असेल तर ती डिसेंबरात पुण्याच्या मंडईतही मिळते. महाबळेश्वरला फेब्रुवारीत मुक्कामाला या.

आता वेळेचं गणित. डिसेंबरअखेर पुण्यात सूर्य सातच्या सुमाराला उगवतो आणि सहानंतर लगेच मावळतो. पहाटे पारा दहा-बारा अंशांवर, दुपारी अठ्ठावीस-तीस. नागपूरकरांना थंडी मी काय शिकवणार, पण हा फरक लोक विसरतात. सकाळी मुलांना जाड जॅकेट चढवतात आणि अकरानंतर ती पाच जॅकेटं बाबा हातात घेऊन हिंडतात. पातळ स्वेटर आणि त्यावर एखादी ओढणी किंवा विंडचीटर पुरे. जाड जॅकेट फक्त सिंहगडाच्या दिवशी.

दुसरी गोष्ट बाहेरगावच्या लोकांच्या लक्षात येत नाही: डिसेंबर हा शाळांच्या सहलींचा महिना. सातारा, सोलापूर, बीड, कुठून कुठून लाल एसट्या येतात आणि सकाळी दहा ते एक या वेळात शनिवारवाडा, कात्रज आणि केळकर संग्रहालय पोरांनी भरून जातं. गुरुजी रांगा लावत असतात, शिट्ट्या वाजत असतात, आणि तुम्हाला फलकावरचं एक वाक्य धड वाचता येत नाही. म्हणून उघड्यावरची ठिकाणं उघडल्या उघडल्या आणि संग्रहालयं तीननंतर. गर्दी टाळण्याचा याहून सोपा उपाय मला तरी सापडलेला नाही.

येण्याचं. रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधी खुलं होतं. १२० दिवसांची मुदत नोव्हेंबर २०२४ पासून गेली. म्हणजे तुमच्या तारखांची तिकिटं ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यातच खुली झाली होती. आता वेटिंग दिसत असेल, तर तारीख एक दिवस अलीकडे-पलीकडे करून बघा. पंचवीसला रात्री निघण्यापेक्षा चोवीसला निघणं कधीकधी सोपं जातं. अजनी-पुणे वंदे भारत ऑगस्ट २०२५ पासून सुरू आहे, पण ती दिवसाची गाडी, बारा तास बसून. मुलं खूश होतील, सासूबाई नाही. त्यांच्यासाठी रात्रीची गाडी आणि खालचा बर्थ. तत्काळवर भरवसा ठेवणार असाल तर तुमचं आयआरसीटीसीचं खातं आधारशी आजच जोडा. जुलै २०२५ पासून त्याशिवाय ऑनलाइन तत्काळ तिकीट निघत नाही. वातानुकूलित डब्यांचं तत्काळ सकाळी दहाला आणि स्लीपरचं अकराला उघडतं, तेही गाडीच्या आदल्या दिवशी.

स्वतःच्या गाडीनं आलात तर समृद्धी महामार्गानं संभाजीनगरपर्यंत मजेत याल. कस लागतो तो पुढे, अहिल्यानगर रस्त्यावर, विशेषतः शिक्रापूर ते वाघोली. तिथे संध्याकाळी सहा ते नऊ पोचू नका, एवढं सांभाळा.

राहायला डेक्कन, शिवाजीनगर किंवा जंगली महाराज रस्ता. विमाननगर-हिंजवडीकडे खोल्या चकचकीत आणि कधी स्वस्तही मिळतात, पण तिथून रोज पेठांत येण्याजाण्यात तुमचा दिवस कुरतडला जाईल. हॉटेल ठरवताना फोनवर तीन गोष्टी विचारा: लिफ्ट चालू आहे ना, गरम पाणी किती ते किती (बऱ्याच लॉजवर सकाळी नऊनंतर नळाला गार पाणी), आणि खोली दुपारी बाराला मिळणार की गाडीतून उतरल्यावर लगेच. रात्रभर प्रवास केलेल्या आजींना स्वागतकक्षातल्या सोफ्यावर चार तास बसवणं ही सहलीची वाईट सुरुवात.

शहरात फिरताना तुमची खरी अडचण ‘पाच जण’ ही आहे. रिक्षात तीन बसतात. म्हणजे प्रत्येक वेळी दोन रिक्षा, दोन मीटर आणि ‘तुम्ही कुठे उतरलात?’ असे फोन. त्यामुळे जिथे मेट्रो जाते तिथे मेट्रोच. वनाज ते रामवाडी ही एक मार्गिका, पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट ही दुसरी, आणि दोन्ही जिल्हा न्यायालय स्थानकात भेटतात. भाडं दहा ते पस्तीस रुपयांच्या घरात, शनिवार-रविवारी त्यातही सवलत, आणि स्थानकांवर लिफ्ट. तुमच्या मुलासाठी तर जिल्हा न्यायालय स्थानक हेच एक प्रेक्षणीय स्थळ आहे: एक फलाट हवेत, दुसरा जमिनीखाली सुमारे तेहतीस मीटर. एकामागून एक सरकते जिने उतरत राहतात आणि पोरं प्रत्येक जिन्यावर ‘अजून खाली?’ विचारतात. घाईत असाल तेव्हा इथे गाडी बदलू नका. निवांत असाल तेव्हा मुद्दाम बदला.

पहिला दिवस पेठांचा. आंघोळी, नाश्ता आटोपून मेट्रोनं कसबा पेठ स्थानकाला उतरा. कसबा गणपती हे पुण्याचं ग्रामदैवत. पहिला नमस्कार तिथे झाला की सासूबाईंची सहल सुरू झाली. तिथून लाल महाल. शिवरायांनी १६६३ मध्ये शाहिस्तेखानावर छापा घातला ती ही जागा, पण आज दिसते ती इमारत महापालिकेनं १९८० च्या दशकात बांधलेली आहे, हे मुलीला आधीच सांगा. चौथीत वाचलेल्या बोटांच्या गोष्टीची खिडकी ती शोधत बसेल.

शनिवारवाड्याबद्दलही थोडी पूर्वतयारी हवी. पहिल्या बाजीरावांनी १७३० मध्ये पाया घातला, १७३२ मध्ये वास्तुशांत झाली, आणि १८२८ च्या आगीत आतलं सगळं लाकूडकाम जळालं. त्यामुळे दिल्ली दरवाजा ओलांडला की समोर हिरवळ आणि दगडी जोती. ‘महाल कुठाय?’ हा प्रश्न रोज शेकडो तोंडून येतो आणि लोक दहा मिनिटांत फोटो काढून बाहेर पडतात. तसं करू नका. आधी दरवाज्यापाशीच थांबा. दारावरचे अणकुचीदार खिळे मुलाला दाखवा आणि विचारा, हे इतक्या उंचीवर का? हत्तीचं कपाळ तिथे येतं म्हणून. मग त्याच अजस्र दारातली छोटी दिंडी दाखवा, जिच्यातून एका वेळी एकच माणूस, तेही वाकून, आत येऊ शकतो. एवढं पाहिलं की किल्ला म्हणजे काय हे कळतं. आत गेल्यावर हजारी कारंजं आणि नारायण दरवाजा. नारायणराव पेशव्यांचा खून ३० ऑगस्ट १७७३ चा. ‘काका मला वाचवा’ची गोष्ट सांगायची की नाही हे तुमच्या मुलाच्या झोपेवर अवलंबून. तटावर जायला चढ आहे. सासूबाईंना खाली सावलीतल्या बाकावर बसवा, त्यांचं काही चुकत नाही.

तिथून दगडूशेठ हलवाई गणपती. देवळात रांग असली तर बाहेरूनही मूर्ती छान दिसते, आणि आजींना उभं राहवत नसेल तर बाहेरून हात जोडण्यात कमीपणा नाही. दगडूशेठच्या समोरच भिडे वाड्याची जागा. सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांनी मुलींची शाळा इथे १८४८ मध्ये सुरू केली. मूळ वाडा आता उभा नाही, तरीही तेरा वर्षांच्या मुलीला तिथे दोन मिनिटं थांबवा. पेठांतली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी जागा हीच, आणि तिच्यापुढून लोक प्रसादाची पिशवी सांभाळत तसेच पुढे जातात.

मग मंडई. महात्मा फुले मंडईची अष्टकोनी दगडी इमारत १८८० च्या दशकातली. मुद्दाम हिवाळ्यात ती पाहायची, कारण इतका माल एरवी नसतो. हरभऱ्याचे टहाळे, मटाराचे ढीग, पावट्याच्या शेंगा, आवळे, बोरं, गाजरं. एक टहाळा घ्या आणि कट्ट्यावर बसून पोरांना घाटे सोलून खायला लावा. बोटं आंबट होतात, ती चाटायची. तुळशीबाग मंडईला लागूनच. तिथे संध्याकाळी शिरलात तर एकमेकांना हरवून बसाल. दुपारी बाराच्या आत जा. पितळी भातुकली अजून मिळते. मुलालाही घ्या, पोळपाट-लाटणं मुलीचंच असतं असं कुणी सांगितलं? गर्दीचा कंटाळा आला तर आत राममंदिराच्या आवारात जाऊन बसा. दहा पावलांवर बाजार आणि इथे शांत. जेवा आणि मंडई स्थानकावरून मेट्रोनं परत. त्या दिवशी संध्याकाळी जंगली महाराज रस्त्यावरचं पाताळेश्वर, एवढंच. राष्ट्रकूट काळात, आठव्या शतकात एका खडकात कोरलेलं देऊळ आणि पुढ्यात गोल नंदीमंडप. थोड्या पायऱ्या आहेत, पण दमवणाऱ्या नाहीत.

दुसरा दिवस पर्वती-सारसबागेचा. सकाळी सातला दोन तट पाडा. बाबा आणि मुलगी पर्वती चढतील: एकशेतीन पायऱ्या, रुंद आणि ठेंगण्या, वर नानासाहेब पेशव्यांनी बांधलेलं देवदेवेश्वर आणि धुक्यातून उघडत जाणारं शहर. तुम्ही, आजी आणि मुलगा सारसबागेत. तळ्यातल्या गणपतीला थंडी वाढली की लोकरीचा स्वेटर आणि कानटोपी घालतात. सहा वर्षांच्या मुलाला पुण्यातली कुठलीही गोष्ट यापेक्षा जास्त आवडत नाही. सकाळी स्वेटर घालायला कुरकुरणारी पोरं ‘बाप्पानं पण घातलाय’ म्हटल्यावर गप्प बसतात. शेजारी पेशवे पार्क, तिथली फुलराणी, म्हणजे मुलांची छोटी आगगाडी, १९५६ पासूनची. देखभालीसाठी ती मधूनच बंद असते, त्यामुळे मुलाला आधी शब्द देऊ नका.

दुपारी जेवून झोप, आणि साडेतीनला राजा दिनकर केळकर संग्रहालय. यासाठी दीड तास राखाच. दिनकर गंगाधर केळकर हे ‘अज्ञातवासी’ या नावानं कविता लिहीत. त्यांचा मुलगा राजा लहानपणीच गेला आणि संग्रहाला त्याचं नाव दिलं. हजारो वस्तू जमवल्या, त्याही राजामहाराजांच्या तलवारी नव्हेत, तर घरातल्या: दिवे, दौती, फण्या, कुलपं, पानाचे डबे, पाणी तापवायचे बंब. अडकित्त्यांच्या कपाटापुढे सासूबाईंना उभं करा. एक मोराचा, एक घोड्याचा, एक बाईच्या आकाराचा. सुपारी कातरायच्या हत्याराला इतकी नटवानटव कशासाठी, हे त्या मुलांना माझ्यापेक्षा चांगलं सांगतील. मी पाहिलंय, इथे आल्यावर घरातली म्हातारी माणसं एकदम गाइड होतात. ‘हे आमच्याकडे होतं’ असं सुरू होतं आणि नातवंडं पहिल्यांदा ऐकतात. कोथरूडहून आणून पुन्हा उभारलेला मस्तानी महाल चुकवू नका. जिने चढायचे आहेत, तेव्हा आजींसाठी तळमजला आधी आणि सावकाश; वरचं जमलं तर जमलं.

सिंहगड शनिवार-रविवार सोडून कुठल्याही दिवशी. शहरापासून तीसेक किलोमीटर. सहाआसनी गाडी ठरवा आणि साडेसहाला डेक्कन सोडा. आठच्या सुमारास वर असाल, अकराला उतरायला लागाल, तेव्हा खालून येणाऱ्या गाड्यांची रांग तुम्हाला उलट्या बाजूनं दिसेल. सुट्टीच्या रविवारी हाच घाट दोन-दोन तास तुंबतो. वाहनतळापासून पुणे दरवाज्याकडे पायऱ्या आहेत. आजींना पहिल्या टप्प्यावरच्या एखाद्या मावशींच्या झोपडीत बसवा. चूल पेटलेली असते, ऊब मिळते, गप्पा होतात. बाकीच्यांनी तानाजी मालुसऱ्यांचं स्मारक, राजाराम महाराजांची समाधी, देवटाकं आणि कल्याण दरवाजा पाहावा. तानाजींची लढाई ४ फेब्रुवारी १६७० ची, म्हणजे याच थंडीच्या दिवसांतली. कड्यावरचा वारा तोंडावर आला की दोर लावून रात्री हे चढणं काय असेल याची कल्पना मुलीला येईल. मग पिठलं-भाकरी, ठेचा, कांदाभजी आणि मडक्यातलं दही. ऑर्डर देताना ‘भाकरी गरम टाका’ म्हणायचं, नाहीतर रचून ठेवलेली मिळते. उतरताना खडकवासल्याला थांबायचा मोह टाळा आणि सरळ खोलीवर येऊन झोपा.

कात्रज मी तुमच्या जागी असतो तर ऐच्छिक ठेवलं असतं. बाग १३० एकरांची आहे, चालणं फार. बॅटरीवरच्या गाड्या असतात पण रांग लागते. बुधवारी बंद. नेलंतच तर एवढाच अर्धा दिवस धरा. पावसाळा-उन्हाळ्यात सुस्त पडलेले प्राणी हिवाळ्याच्या सकाळी उन्हाला बाहेर येतात, हा त्यातला फायदा. मुलाला गाड्यांचं वेड असेल तर त्याऐवजी कोथरूडचं जोशी छोट्या रेल्वेंचं संग्रहालय बघा. फोन करून खेळाची वेळ विचारून जा. तासाभरात आटोपतं आणि बाबाही हरखतात.

खाण्याबद्दल थोडक्यात, कारण पुण्यात या विषयावर भांडणं होतात. मिसळ बेडेकरांची सकाळी नऊच्या आत. गोडसर असते, नागपूरच्या तर्रीची अपेक्षा घेऊन जाऊ नका, सावजीवर वाढलेल्या माणसाला ती आमटी वाटेल. फर्ग्युसन रस्त्यावर वैशालीला रविवारी सकाळी थांबावं लागतं, आठवड्यात मधल्या वारी नाही. मस्तानी, म्हणजे वर आइस्क्रीम घातलेलं घट्ट दूध, थंडीतही प्यायची, पण दुपारी. चितळे दुपारी बंद हा विनोद जुना झाला, आता ते उघडे असतात. मात्र पेठांतली बरीच इतर दुकानं एक ते चार खरंच बंद असतात, तेव्हा साड्या बघायच्या तर त्या हिशेबानं निघा. आणि डिसेंबर-जानेवारी हुरड्याचा. शहराबाहेर शेतांवर माणशी दर ठरवून हुरडा, वांग्याचं भरीत, ताक असा बेत असतो. तुमच्याकडेही हुरडा होतो, म्हणून त्यासाठी मी एक दिवस खर्च करायला सांगणार नाही.

थर्टी फर्स्टबद्दल माझं मत स्पष्ट आहे: तीसला निघताय तेच बरं. त्या संध्याकाळी लष्कर (कॅम्प) भागात महात्मा गांधी रस्त्यावर आणि फर्ग्युसन रस्त्यावर वाहनबंदी असते, रस्ते माणसांनी भरतात, रिक्षा मिळत नाही. विशीतल्या पोरांना ती मजा. सहा वर्षांचं मूल खांद्यावर आणि आजी हाताला धरून नाही. खोल्यांचे दरही त्या रात्री उगाच चढतात. आणि गाडीनं आला असाल तर आणखी एक गोष्ट: एक जानेवारीला कोरेगाव भीमाजवळच्या पेरणे फाट्याच्या जयस्तंभाला अभिवादन करायला लाखो लोक येतात. त्यासाठी ३१ च्या दुपारपासून एक तारखेच्या रात्रीपर्यंत अहिल्यानगर रस्त्यावरची वाहतूक चाकणकडून किंवा सोलापूर रस्त्याकडून वळवलेली असते. तुमचा परतीचा रस्ता नेमका तोच. राहणं भागच पडलं तर दोन तारखेला निघा.

शेवटच्या दिवसासाठी मी आगाखान पॅलेस मुद्दाम मागे ठेवलाय, कारण तो आणि लष्कर भाग दोन्ही स्टेशनच्या बाजूला. सकाळी खोली सोडा, सामान हॉटेलच्या काउंटरपाशी ठेवा, मेट्रोनं कल्याणीनगर आणि तिथून रिक्षा. वाडा १८९२ चा; तिसऱ्या आगाखानांनी दुष्काळात लोकांना काम मिळावं म्हणून बांधला असं सांगतात. ऑगस्ट १९४२ मध्ये गांधीजींना इथे कैदेत ठेवलं. महादेवभाई देसाई अटकेनंतर आठवड्याभरातच, १५ ऑगस्टला इथे गेले, कस्तुरबा २२ फेब्रुवारी १९४४ ला. मागच्या बाजूला दोघांच्या समाध्या आहेत. मुलीनं ‘चले जाव’ पुस्तकात वाचलं असेल. त्या तारखा समाधीच्या दगडावर वाचणं वेगळं. सगळं सपाटीवर आहे, आजी आरामात फिरतील, मुलगा हिरवळीवर पळेल.

तिथून लष्कर. कयानी बेकरीची श्रूजबरी बिस्किटं नातेवाइकांसाठी हवीच असतील तर दुपारच्या सुट्टीआधी पोचा. नाताळात रांग कोपऱ्यापर्यंत जाते आणि रविवारी दुकान बंद. तीस तारीख रविवारी येत असेल तर हे काम आदल्या दिवशी उरका. नंतर खोलीवरून सामान उचलून संध्याकाळी सातला निघा. डेक्कन ते स्टेशन सरळ एकाच मार्गिकेवर आहे, गाडी बदलावी लागत नाही. मोठ्या बॅगा असतील तर तेवढ्यापुरती सहाआसनी टॅक्सी बोलवा आणि बंडगार्डन रस्त्याऐवजी मालधक्क्याच्या बाजूनं आणायला सांगा. रात्रीच्या जेवणाचे डबे डेक्कनलाच बांधून घ्या.